अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्सचा अर्ज करताना पूर्वीच्या अमली पदार्थ सेवनाची माहिती कशी द्यावी

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या, ऊर्जा खात्याच्या किंवा गुप्तचर संस्थांच्या कामात शिरायचे असेल, मग ते सरकारी नोकरीतून असो वा एखाद्या कंत्राटदार कंपनीतून, तर अनेकदा सिक्युरिटी क्लिअरन्सचा, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती पाहण्याच्या परवानगीचा, अर्ज भरावा लागतो. त्या अर्जातल्या अमली पदार्थांविषयीच्या प्रश्नांपाशी अनेकांचा हात अडखळतो. वसतिगृहात चार मित्रांबरोबर ओढलेला गांजा, परीक्षेच्या आदल्या रात्री जागरणासाठी कुणाकडून तरी घेतलेली ॲडरॉल या उत्तेजक औषधाची गोळी, कॅलिफोर्नियातल्या परवानाधारक दुकानातून पावती घेऊन आणलेल्या गांजाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या), यांपैकी काय लिहायचे, किती लिहायचे आणि लिहिल्यावर नोकरी हातची जाईल का, हे प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे बहुतेकांना वाटते त्यापेक्षा सौम्य आहेत, मात्र एका अटीवर : कागदावर लिहिलेले सगळे खरे असले पाहिजे.

हे क्लिअरन्स अमेरिकेच्या नागरिकांनाच मिळते. ग्रीन कार्डधारकांना किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्यांना ते मिळत नाही. क्वचित एखाद्या परकीय तज्ज्ञाला मर्यादित माहिती पाहण्याची परवानगी दिली जाते, पण तो अपवाद वेगळा. त्यामुळे पुढचे विवेचन मुख्यतः तिकडे जन्मलेल्या मराठी मुलामुलींना आणि नागरिकत्व घेऊन आता संरक्षण उद्योगाकडे वळू पाहणाऱ्या अभियंत्यांना उपयोगी पडेल. ज्यांचे नागरिकत्व अजून व्हायचे आहे त्यांच्यासाठी पुढे एक इशारा दिला आहे, तो त्यांनी चुकवू नये.

निर्णय कोणत्या कसोटीवर होतो

क्लिअरन्स द्यावे की नाही हे ठरवण्यासाठी ८ जून २०१७ पासून ‘सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डिरेक्टिव्ह ४’ हा एकच दस्तऐवज सर्व सरकारी विभागांना लागू आहे. त्यात ‘ए’ ते ‘एम’ अशी १३ कलमे आहेत. ‘एच’ हे कलम अमली पदार्थांचे, आणि त्याच्या जोडीने अर्जदाराला नेहमी अडचणीत आणणारे ‘ई’ हे कलम वैयक्तिक वर्तनाचे, म्हणजे व्यवहारात खरेखोटेपणाचे आहे. ‘एच’ कलमात आधी चिंतेच्या गोष्टी दिल्या आहेत : सेवन, चाचणीत अमली पदार्थ आढळणे, बाळगणे, पिकवणे, विकत घेणे, विकणे, व्यसनाचे वैद्यकीय निदान, उपचार अर्धवट सोडणे, क्लिअरन्स असताना केलेले सेवन, आणि यापुढेही घेणार असे सांगणे. त्यानंतर ही चिंता कशाने कमी होते हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले आहे. घटना फार जुनी किंवा अगदी तुरळक असणे, ती पुन्हा घडण्याची शक्यता नसणे, अर्जदाराने सवय सोडल्याचा काही काळाचा पुरावा असणे, उपचार पूर्ण करून वैद्यकीय तज्ज्ञाचे अनुकूल मत मिळवणे, या त्या गोष्टी होत. याशिवाय माणसाचा एकत्रित विचार करावा, म्हणजे तेव्हाचे वय, समज, परिस्थिती, किती वेळा, किती अलीकडे आणि नंतर काय बदलले हे पाहावे, असा दंडक आहे.

यात ‘अमुक महिने झाले की पुरे’ असा आकडा कुठेही नाही, आणि तो शोधत बसण्यात अनेकजण वेळ घालवतात. पाच वर्षांपूर्वी महाविद्यालयात दोनदा ओढलेला गांजा आणि मागच्या उन्हाळ्यापर्यंत दर शनिवारी घेतलेले कोकेन यांत काय फरक आहे, हे समजायला आकडा लागत नाही. मधल्या प्रकरणांत मात्र निर्णय देणाऱ्याचा विवेक चालतो. काही संस्था आपल्या नोकरभरतीसाठी स्वतःचे ठरीव नियम करतात. उदाहरणार्थ, एफबीआयने २०२१ मध्ये गांजासाठीची अट तीन वर्षांवरून अर्जाआधीच्या एका वर्षावर आणली, तर इतर बेकायदा पदार्थांसाठी ती दहा वर्षांची ठेवली. हे नोकरीचे नियम आहेत. ते क्लिअरन्सच्या कसोटीहून वेगळे असल्यामुळे ज्या संस्थेत अर्ज करायचा तिच्या भरतीच्या पानावरचे ताजे निकष आधी वाचावेत.

एका बाबतीत मात्र दार पूर्ण बंद आहे. बॉण्ड दुरुस्ती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००८ च्या कायद्यानुसार, जी व्यक्ती सध्या बेकायदेशीरपणे अमली पदार्थ घेते किंवा व्यसनाधीन आहे, तिला कोणतीही संस्था क्लिअरन्स देऊ शकत नाही. ‘सध्या’ म्हणजे किती दिवस हे कायद्यात सांगितलेले नाही, म्हणून अर्जाचा विचार मनात आला त्याच दिवशी थांबणे शहाणपणाचे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक ॲव्हरिल हेन्स यांनी काढलेल्या सूचनापत्रात हीच दिशा आहे. पूर्वी केलेले गांजाचे सेवन विचारात घेतले जाईल, पण तेवढ्यावर निर्णय ठरणार नाही. आणि तपासणी सुरू झाल्यावर, म्हणजे अर्जावर सही केल्यापासून, अर्जदाराने गांजापासून दूर राहावे असे त्याला सांगावे, असे त्यात म्हटले आहे. सहीच्या आधीचे सेवन क्षम्य ठरू शकते, पण सहीनंतरचे सेवन समजावून सांगणे फार कठीण जाते.

राज्याचा कायदा, भांग आणि घरची औषधे

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने गांजा कायदेशीर केला, त्यानंतर अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. क्लिअरन्सच्या अर्जात मात्र अमली पदार्थांच्या विभागाच्या आरंभीच स्पष्ट केले आहे की हे प्रश्न संघीय कायद्यानुसार विचारले जात आहेत, राज्याने परवानगी दिलेली असली तरीही. त्यामुळे दुकानाची पावती किंवा राज्याने दिलेले वैद्यकीय गांजाचे कार्ड असले, तरी उत्तर ‘नाही’ असे देता येत नाही. कॅनडात किंवा ॲम्स्टरडॅममध्ये सुट्टीवर असताना घेतले म्हणून ते गाळण्याचा मोहही टाळावा.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक वेगळा प्रश्न भांगेचा. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत पाने आणि बिया येत नाहीत, म्हणून महाशिवरात्रीला किंवा धुळवडीला घोटलेली पानांची भांग त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते आणि तिचे नियमन राज्ये करतात. अमेरिकी अर्जाला हा भेद ठाऊक नाही. भांगेतही गांजातलाच टीएचसी हा मादक घटक असतो. गेल्या सात वर्षांत सुट्टीत भारतात जाऊन कुणी भांगेची थंडाई घेतली असेल, तर माझ्या मते ती अर्जात लिहावी आणि टिप्पणीच्या जागेत सण, ठिकाण, किती वेळा आणि तिथला कायदा हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. लिहिलेल्या भांगेने कुणाचे क्लिअरन्स गेले असे होणे अवघड. लपवलेली भांग मुलाखतीत बाहेर आली तर तिची किंमत वेगळी असते.

दुसरा प्रश्न औषधांचा. डॉक्टरने दिलेल्या औषधांचा गैरवापर अर्जात स्वतंत्रपणे विचारला जातो, आणि तो सेवनाच्या हेतूवर अवलंबून असतो. मैत्रिणीची ॲडरॉलची गोळी घेणे हा सरळ गैरवापर आहे. आईने पुण्याहून येताना आणलेल्या पिशवीतली वेदनाशामक ट्रामाडॉलची किंवा चिंतेवरच्या अल्प्राझोलामची गोळी स्वतःसाठी लिहून दिलेली नसताना घेणे हेही त्यातच मोडू शकते, कारण ही दोन्ही औषधे अमेरिकेत नियंत्रित यादीत आहेत. याउलट भारतातल्या डॉक्टरने स्वतःच्या आजारासाठी लिहून दिलेले आणि सांगितल्याप्रमाणे घेतलेले औषध हा गैरवापर नव्हे. अशा औषधाची चिठ्ठी मात्र जपून ठेवावी. सीबीडी या गांजाच्या झाडातल्या, नशा न आणणाऱ्या घटकाच्या तेलांबद्दलही सावध राहावे. २०१८ च्या शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेला हेम्प (गांजाच्याच जातीचे कमी मादक झाड) कायदेशीर ठरला, पण बाटलीवर लिहिलेले प्रमाण खरे असेलच याची सरकार हमी देत नाही, आणि चाचणीत टीएचसी आढळले तर ‘मी फक्त सीबीडी घेत होतो’ हा बचाव कमजोर ठरतो.

अर्ज उघडण्याआधी

एसएफ-८६ हा क्लिअरन्सचा अर्ज आता ‘ई-ॲप’ या संगणक प्रणालीतून भरला जातो. ती प्रणाली उघडण्याआधी साध्या कागदावर स्वतःचा कालक्रम लिहून काढावा, आणि या कामाला एक संपूर्ण संध्याकाळ द्यावी. प्रत्येक पदार्थासाठी पहिल्यांदा कधी, शेवटचे कधी, मधल्या काळात किती वेळा, कुणी दिला, पैसे दिले का, कोणत्या परिस्थितीत घेतला आणि का थांबवला, हे त्यात यावे. महिना आठवत नसेल तर त्या वेळी आपण कुठे राहत होतो, कोणते सत्र चालू होते, यावरून जवळ जाता येते. अर्जात तारखेपुढे ‘अंदाजे’ अशी खूण करण्याची सोय आहे, तिचा निःसंकोच वापर करावा. शेवटच्या सेवनाची तारीख मात्र शक्य तितकी नेमकी असावी, कारण तपास अधिकारी, निर्णय देणारा आणि प्रकरण पुढे गेले तर न्यायाधीश, सगळे तिथूनच मोजायला लागतात.

संख्येबाबत आपण स्वतःशीच फसवणूक करतो. ‘कधीतरी एकदोनदा’ असे लिहिणारी माणसे मुलाखतीत ‘बहुधा दहा-बारा वेळा, पार्ट्यांमध्ये’ असे सांगतात, आणि मग मूळ सेवनापेक्षा या दोन उत्तरांतले अंतर जास्त बोचते. खात्री नसेल तर वरचा अंदाज लिहावा.

हा कालक्रम पूर्वी दिलेल्या प्रत्येक उत्तराशी ताडून पाहावा. लष्करात भरतीचा आधी अर्ज केला होता का, पोलीस खात्यात, सरकारी इंटर्नशिपसाठी, डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे याबद्दल काय सांगितले होते, हे पाहावे. नागरिकत्व मिळालेल्यांसाठी सर्वांत नाजूक कागद म्हणजे एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज. त्यात अटक न झालेल्या गुन्ह्यांविषयीही विचारले जाते, आणि राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाचे सेवनही चांगल्या चारित्र्याच्या अटीच्या आड येऊ शकते, हे नागरिकत्व विभागाने २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘नाही’ म्हटले आणि त्याच काळातले सेवन आता एसएफ-८६ मध्ये लिहायची वेळ आली असेल, तर दोन्ही विषय जाणणाऱ्या वकिलाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्यांचे नागरिकत्व अजून व्हायचे आहे, त्यांनी अशा सेवनाबद्दल कुठेही सही करून कबुली देण्याआधी किंवा नाकारण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण तिथे दोन्ही उत्तरांचे परिणाम गंभीर असू शकतात.

विभाग २३ भरताना

अमली पदार्थांचे प्रश्न विभाग २३ मध्ये येतात. बहुतेक प्रश्न मागच्या सात वर्षांपुरते आहेत : सेवन, विकत घेणे, पिकवणे, पोहोचवणे किंवा विकणे, आणि औषधांचा गैरवापर. सेवनाविषयीच्या दोन प्रश्नांना मात्र काळाची मर्यादा नाही. क्लिअरन्स असताना कधीही सेवन केले का, आणि पोलीस, सरकारी वकील, न्यायालयीन कर्मचारी किंवा सार्वजनिक सुरक्षेवर थेट परिणाम करणाऱ्या पदावर असताना कधीही केले का, हे ते दोन प्रश्न. व्यसनाचे उपचार घ्यायला कुणी सांगितले होते का, किंवा आपणहून घेतले का, हेही पुढे काळाच्या मर्यादेविना विचारले जाते.

सेवनाचा प्रश्न लोक प्रामाणिकपणे भरतात आणि खरेदीचा विसरतात. चौघांनी वर्गणी काढून आणले आणि आपण आपला वाटा दिला, तर ती खरेदी झाली. ते आणून मित्राच्या हातात दिले तर पोहोचवण्याच्या प्रश्नाचाही विचार करावा लागतो. पुढे असे सेवन करण्याचा इरादा आहे का, हेही तिथे विचारले जाते आणि कारण लिहायला जागा असते. तिथे नुसते ‘नाही’ लिहून सोडू नये. आता काय बदलले आहे, हे एक-दोन साध्या वाक्यांत सांगावे. पश्चात्तापाचे निबंध नकोत.

विभाग २२ मध्ये पोलीस प्रकरणांची माहिती असते, आणि अमली पदार्थ किंवा दारू यांच्याशी संबंधित आरोप कधीही ठेवला गेला असेल, तर तो सात वर्षांपेक्षा जुना असला तरी लिहावा लागतो. न्यायालयाने नोंद मोहोरबंद केली किंवा पुसून टाकली, म्हणून सांगायचे नाही, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. संघीय कायद्याखालील काही मोजक्या प्रकरणांपुरताच अपवाद आहे.

लोकांना दोन भीती असतात. पहिली, कबुली दिली तर खटला होईल ही. या विभागात छापील आश्वासन आहे की इथली खरी उत्तरे आणि त्यांतून निघालेली माहिती नंतरच्या फौजदारी खटल्यात अर्जदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत. खोटे उत्तर देणाऱ्याला हे संरक्षण नाही. संघीय सरकारपुढे जाणूनबुजून खोटे सांगणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दुसरी भीती, कंपनीत सगळ्यांना कळेल ही. कंत्राटदार कंपनीचा सुरक्षा अधिकारी अर्ज पूर्ण भरला आहे का हे पाहण्यापुरता तो वाचू शकतो, पण ती माहिती कंपनीत अन्य कामासाठी वापरण्याची त्याला मुभा नाही.

‘लिहू नकोस, कुणाला कळणार आहे’ असा सल्ला देणारा मित्र प्रत्येकाला भेटतो. तपास अधिकारी शेजाऱ्यांना, जुन्या सहनिवाशांना आणि सहकाऱ्यांना भेटतात, काही संस्था पॉलिग्राफ म्हणजे खोटे पकडण्याची चाचणी घेतात, आणि आज न सांगितलेली गोष्ट पुढच्या तपासणीत आठवून बोलावी लागते. लपवल्यावर प्रकरण ‘एच’ कलमातून ‘ई’ कलमात जाते. सेवन काळाबरोबर जुने होते. खोटेपणा मात्र ज्या दिवशी उघडा पडतो त्या दिवसापासून नव्याने मोजला जातो. एखादी गोष्ट खरोखरच राहून गेली असेल, तर कुणी विचारण्याआधी आपणहून, लवकर आणि पूर्ण सांगावी. त्याला ‘ई’ कलमातच सवलत आहे, पण अधिकाऱ्याने पुरावा समोर ठेवल्यावर दिलेल्या कबुलीला ती लागू पडत नाही.

पुरावा कसा उभा करावा

अर्ज दिल्यानंतर वाट पाहत बसू नये. सेवन अलीकडचे किंवा नियमित असेल, तर ‘एच’ कलमात सांगितलेल्या सवलतींसाठी कागद जमवायला तेव्हाच लागावे. पहिला कागद म्हणजे स्वतःच्या सहीचे निवेदन, ज्यात यापुढे सर्व अमली पदार्थांपासून दूर राहण्याचा निश्चय आणि पुन्हा सेवन आढळल्यास क्लिअरन्स रद्द होऊ शकते याची जाणीव, या दोन्ही गोष्टी असाव्यात. दुसरा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आपणहून वेळोवेळी केलेल्या चाचण्यांचे अहवाल. सवय खोल असेल तर परवानाधारक तज्ज्ञाकडून मूल्यमापन आणि गरज पडल्यास उपचार. ओळखीच्यांची शिफारसपत्रेही उपयोगी पडतात, पण पत्र लिहिणाऱ्याला सेवनाची गोष्ट माहीत असली पाहिजे. ‘हा अत्यंत सज्जन मुलगा आहे’ असे लिहिणाऱ्या मंडळाच्या काकांना ती ठाऊक नसेल, तर त्या पत्राला वजन राहत नाही. मराठी घरांत हीच अडचण मोठी असते. आईवडिलांना किंवा वडीलधाऱ्यांना सांगायचे नसेल तर पत्रासाठी वरिष्ठ सहकारी किंवा जुने प्राध्यापक निवडावेत.

संगतीचा प्रश्न टाळता येत नाही. सेवन करणाऱ्यांपासून आणि त्या जागांपासून दूर होणे हा पुराव्याचाच भाग मानला जातो. जोडीदार किंवा घरात राहणारा मित्र अजून घेत असेल, मग ते त्या राज्यात कायदेशीर का असेना, तर घरात काय ठरले आहे हे मुलाखतीआधी स्पष्ट झालेले बरे. गांजाच्या व्यवसायात थेट पैसे गुंतवलेले असतील तर तेही विचारात घेतले जाऊ शकतात. सर्वसाधारण म्युच्युअल फंडातून नकळत आलेल्या अंशाची काळजी नसावी.

कारणांचे पत्र आले तर

शंका उरली तर सरकार प्रथम लेखी प्रश्नावली पाठवू शकते, आणि नंतर ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ म्हणजे कारणांचे पत्र येते. हे पत्र म्हणजे नकार नव्हे. संरक्षण कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांची प्रकरणे ‘डोहा’ या संरक्षण खात्याच्या सुनावणी कार्यालयाकडे जातात. तिथे पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत प्रत्येक आरोपाला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे शपथेवर उत्तर द्यावे लागते, आणि सुनावणी हवी की कागदपत्रांवरून निर्णय, हेही कळवायचे असते. माझा स्पष्ट कल सुनावणीकडे आहे. अमली पदार्थांच्या प्रकरणात माणसाच्या बोलण्यावर विश्वास बसतो की नाही हाच कळीचा मुद्दा असतो, आणि तो विश्वास कागदावरून निर्माण करणे कठीण आहे. वकील सोबत नेता येतो. डोहाच्या न्यायाधीशांची निकालपत्रे नावे वगळून संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. आपल्यासारखी पाच-सहा प्रकरणे वाचली तर कोणता पुरावा पटतो आणि कोणता नाही, हे कोणत्याही सल्ल्यापेक्षा लवकर कळते. सरकारी कर्मचारी आणि सैनिक यांची अपीलाची वाट थोडी वेगळी आहे, त्यांनी आपल्या पत्रातल्या सूचनांप्रमाणे जावे.

क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, आणि शंकेचा फायदा अर्जदाराला मिळत नाही. १९८८ च्या ईगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केल्यापासून निर्णयाच्या योग्यायोग्यतेत न्यायालये सहसा शिरत नाहीत. म्हणून सुनावणीत जे दाखवायचे ते सगळे तिथेच दाखवावे. निकाल विरुद्ध गेला तर निकालाच्या तारखेपासून १५ दिवसांत अपीलाची सूचना पोहोचावी लागते, आणि अपील मंडळ नवा पुरावा पाहत नाही. अपीलही फेटाळले गेले तर पहिल्या प्रतिकूल निकालाच्या तारखेपासून एक वर्ष थांबून फेरविचार मागता येतो, त्यासाठी पाठीशी नियोक्ता असावा लागतो. ते वर्ष सुरू होतानाच न्यायाधीशांनी ज्या वाक्यांत नकाराचे कारण दिले आहे ती अधोरेखित करावीत, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी त्यांतल्या प्रत्येक वाक्याला उत्तर देणारा कागद, चाचणीचा, उपचाराचा किंवा बदललेल्या पत्त्याचा, हातात असेल अशी व्यवस्था करावी.